सड्यावरची डबकी आटताना बेडूक कसे पाहावेत

बेडूक पाहायचे म्हटलं की बहुतेक जण जूनच्या पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन निघतात. मजा येते, पण नवख्याच्या हाती फार काही लागत नाही. अंधार, चिखल, शंभर गळे एकदम सुरू, आणि दिसलेला प्रत्येक बेडूक दुसऱ्या क्षणी उडी मारून गडप. शिकायला बरा काळ त्यानंतरचा: श्रावणातली लांब उघडीप, आणि मुख्य म्हणजे हस्त-चित्राचे दिवस, जेव्हा सडा वाळू लागतो. पाणी थोडं, जागा ठरलेली, प्राणी दिवसाउजेडी समोर, आणि दर खेपेला काहीतरी बदललेलं.

सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात ते समुद्रापासून थोड्याच उंचीवर आहेत. घाटमाथ्यावर साताऱ्याजवळचं कास (सुमारे १२०० मीटर), चाळकेवाडी, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, आणि सुमारे ७०० मीटरवरच्या आंबोलीच्या आसपासचे सडे. कातळावर माती जेमतेम बोटभर, कित्येक ठिकाणी तीही नाही. वरचं कवच कठीण असल्यामुळे खोलगट जागी पाणी साचून राहतं. असं पाणी बारमाही टिकत नाही म्हणून त्यात मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणूनच बेडूक तिथं अंडी घालतात. डबकं आटणं ही या जागेवर कोसळलेली आपत्ती नाही, तो तिचा नियम आहे. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

कधी जायचं

पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आलं की चांगल्या पावसाची आशा धरतात. आपल्याला वाहनाशी कर्तव्य नाही, तारखांशी आहे. मृग ७-८ जूनला लागतो: नरांचं ओरडणं, जोड्या, अंडी. जुलै-ऑगस्टमध्ये सलग चार-पाच दिवस ऊन पडलं की सगळ्यांत उथळ खाचा आटतात आणि पुन्हा भरतात. काही डबक्यांचा असा खेळ एका हंगामात तीन-चारदा होतो. २६-२७ सप्टेंबरला हस्त लागला की खरी वेळ सुरू होते आणि स्वाती लागेपर्यंत, म्हणजे २३-२४ ऑक्टोबरपर्यंत, कोकणातले बहुतेक उथळ सडे कोरडे पडायला आलेले असतात. घाटमाथ्यावर धुकं आणि परतीच्या सरींमुळे हे थोडं लांबतं.

दिवसातली वेळ सकाळी आठ ते दहा, नाहीतर चारनंतर. दुपारी बारा ते तीन जाऊ नका. पाणी तापलेलं असतं, प्राणी दडलेले असतात, आणि ऑक्टोबरात त्यानंतर विजांचे ढग चढतात. कासला फुलांच्या हंगामात गर्दी असते, प्रवेशाची नोंदणी लागते आणि ठरलेल्या वाटा सोडता येत नाहीत, म्हणून बेडकांसाठी सप्टेंबरातलं कास ही वाईट निवड. घरापासून तासाभरात पोचता येईल असा कुठलाही बिननावाचा सडा त्याहून बरा. तिथं आठवड्यातून दोनदा जाणं जमतं.

सामान

- तीस सेंटीमीटरची स्टीलची पट्टी आणि तीन मीटरचा टेप.
- डिजिटल थर्मामीटर, टोकदार दांडी असलेला, स्वयंपाकात वापरतात तसला चालेल. काचेचा पाऱ्याचा नको. कातळावर आपटला तर पारा थेट डबक्यात जातो.
- काळी मोठी छत्री. का, ते पुढे येतं.
- पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पेनाची शाई पहिल्या सरीला पसरते.
- जाड तळव्याचे गमबूट, आणि रात्री जायचं असेल तर डोक्याला लावायची बॅटरी व तिच्यावर बांधायला लाल जिलेटीन कागद.
- चार काटक्या आणि सुतळी: तीस बाय तीस सेंटीमीटरची चौकट बांधायला.

जाळी, बरणी, प्लास्टिकचा डबा यादीत नाहीत, आणि ते विसरून राहिलेले नाहीत.

डबकं निवडणं आणि मापणं

पहिल्या दिवशी सड्यावर नुसती चक्कर मारा आणि तीन डबकी ठरवा: एक बोटभर खोल, एक वीतभर, एक गुडघ्याच्या आसपास. त्यांना नंबर द्या. खूण म्हणून कातळावर रंग मारू नका, दगडांची रचना करू नका. कडेचा एखादा न हलणारा उंचवटा शोधा, तिथून पाण्याच्या काठापर्यंतचं अंतर टेपनं घ्या, आणि त्याच जागी उभं राहून त्याच दिशेनं फोटो काढा. दर खेपेला हेच दोन प्रकार करायचे. दहा डबकी एकदा पाहण्यापेक्षा तीन डबकी दहादा पाहिलेली बरी.

मग लांबी, रुंदी आणि सर्वांत खोल जागची खोली. पट्टी काठावरून हात लांबवून सरळ उभी धरा. आत पाय टाकायचा नाही. पाण्याचा अंदाज असा काढतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.८, हे झालं लंबगोल डबक्याचं क्षेत्रफळ. त्याला सर्वाधिक खोलीच्या निम्म्यानं गुणा. समजा डबकं दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि मध्ये दहा सेंटीमीटर खोल आहे. २ × १.५ × ०.८ × ०.०५ म्हणजे ०.१२ घनमीटर, १२० लिटर. घरातल्या सात-आठ बादल्या.

आता यातली गोम पाहा. हेच डबकं पाच सेंटीमीटरवर आलं की साठ लिटर उरेल असं वाटतं. तसं होत नाही. खोलगट तळामुळे खोलीबरोबर पसाराही आकसतो, आणि पाणी निम्म्यावर न थांबता पावावर येतं: सुमारे ३० लिटर. तेवढ्याच जिवांना चौपट दाटी. उन्हात उघड्या कातळावरचं पाणी दिवसाला साधारण अर्धा सेंटीमीटर खाली जातं असं धरलं, तर हे व्हायला दहा दिवस पुरतात. पहिले काही दिवस काहीच घडत नाहीये असं वाटतं आणि शेवटचे तीन दिवस सगळं एकदम येतं, त्याचं कारण हेच. म्हणून खोली पाच सेंटीमीटरखाली गेली की एक दिवसाआड जा.

तापमान दोन ठिकाणी घ्या, काठाला आणि मध्ये तळाशी. उथळ काठाचं पाणी दुपारी ३५ अंशांच्या पुढे जाऊ शकतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. बेडूकमासे वर येऊन तोंडानं हवा गिळताना दिसले तर मिनिटभर मोजा, किती जण वर आले. हा आकडा दर खेपेला त्याच वेळी घेतला तर डबक्याची तब्येत कळते.

पाण्यात पाहायचं कसं

बेडूकमासा हा बोलीतला शब्द, पुस्तकांत भैकेर. नवखा माणूस डबक्यापाशी येतो, वाकतो, आणि त्याला आभाळ दिसतं. त्यासाठी छत्री. सूर्य पाठीशी घेऊ नका, तुमची सावली पाण्यावर पडली की सगळे तळाला जातात. ऊन बाजूला ठेवून काठापासून हातभर अंतरावर उकिडवे बसा आणि काळी छत्री उघडून समोरच्या काठावर आडवी धरा. पाण्यावरचं आभाळाचं प्रतिबिंब जातं आणि तळ एकदम उघडा होतो: शेवाळाचे कुरतडलेले पट्टे, विष्ठेच्या बारीक सुतळ्या, दगडाला तोंड लावून हलणाऱ्या शेपट्या. मग पाच मिनिटं काहीही करायचं नाही. आधी दडलेले परत येतात. त्याआधी केलेली मोजणी खोटी.

मोजायचं असेल तर सुतळीची चौकट काठालगत हलकेच पाण्यावर ठेवा, दोन मिनिटं थांबा, आणि आतले मोजा. तीन वेगवेगळ्या जागी. भेकांच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांच्या, पिल्लांचे काळे घोळके असे मोजता येत नाहीत; त्यांचा वरून फोटो काढून घरी पडद्यावर चौकोन पाडून मोजा. संपूर्ण डबक्यातले 'एकूण' बेडूकमासे लिहायचा मोह टाळा, तो आकडा कुणालाच खरा काढता येत नाही.

वाढीचा टप्पा लिहिणं हे मोजण्याइतकंच महत्त्वाचं. शास्त्रज्ञ गॉस्नर यांची १९६० मधली ४६ टप्प्यांची पद्धत वापरतात. काठावर बसून पाहणाऱ्याला सहा पुरतात: अंडी, नुसती शेपटी, मागच्या पायांचे कोंब, मागचे पाय बोटांसकट, चारही पाय आणि पूर्ण शेपटी, आखडत चाललेली शेपटी. पाचव्या टप्प्याकडे नीट पाहा. पुढचे पाय आधीच कातडीखाली तयार असतात आणि कोपर आतून ढुशी देत एक-एक बाहेर येतो, म्हणून काही तास तीनच पाय असलेला जीव दिसू शकतो. ते व्यंग नाही. या सुमारास शेवाळ खरवडणारं तोंड मोडून किडे धरणारं तोंड घडत असतं. मधल्या दिवसांत तो काही खात नाही, स्वतःची शेपटी जिरवून जगतो. पाण्यात फार वेळ राहिला तर बुडतोही. त्याला त्या वेळी हवी असते उतरती, ओली, शेवाळलेली कड, नेमकी तीच जिथं आपण बूट ठेवतो.

पाणी घटू लागलं की अनेक जातींचे बेडूकमासे वाढ उरकती घेतात आणि लहान अंगानंच बाहेर पडतात. त्याची किंमत असते: लहान पिल्लू लवकर सुकतं, लवकर खाल्लं जातं. तुमच्या तीन डबक्यांत हीच तुलना पाहायची आहे. उथळ डबक्यातून निघालेली पिल्लं आणि खोल डबक्यातली, एकाच जातीची. काठाच्या कातळावर पट्टी ठेवून शेजारी बसलेल्याचा फोटो घेतला की लांबी मिळते. पट्टी जिवाजवळ सरकवायची नाही, तो पट्टीजवळ येईपर्यंत थांबायचं. चिकाटी लागते.

कोण कोण भेटेल

मराठीत सर्रास सगळ्यांना बेडूक म्हणतात; पुस्तकांत कोरड्या, खरखरीत कातडीच्या आणि डोळ्यामागे विषग्रंथींचे फुगवटे असलेल्याला भेक म्हणतात. सगळीकडे भेटणाऱ्या साध्या भेकाची अंडी लांब, पारदर्शक दोऱ्यांत ओवलेली असतात, आणि पिल्लं काळीभोर, घोळक्यानं फिरणारी. त्यांना लपायची फार गरज नसते कारण ती चवीला वाईट असतात. बाहेर पडतात तेव्हा सेंटीमीटरभरही नसतात, आणि शेकड्यांनी एकदम निघतात. अशा दिवशी डबक्याभोवती दोन मीटर पाऊलच टाकू नये.

मोठा हिरवट-तपकिरी बेडूक, ज्याचे नर पहिल्या पावसात हळदीसारखे पिवळे होतात आणि ज्यांच्या गळ्याच्या पिशव्या निळ्या असतात, त्याची पिल्लं शिकारी असतात. इतर बेडूकमाशांना खातात, आपल्याच भावंडांनाही. आटत्या डबक्यात एक जाडजूड, सुटासुटा फिरणारा बेडूकमासा दिसला आणि बाकीचे रोज कमी होत असले तर संशयित तोच. या जातीची तंगड्यांसाठी कत्तल होत असे. भारतानं १९८७ मध्ये बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. गोव्यात पावसाच्या सुरुवातीला चोरून शिकार अजून होते, आणि ती कायद्यानं गुन्हा आहे.

पाण्यावरून दगडाच्या भाकऱ्या काढाव्या तसा टप्पे घेत पळतो तो टप्प्या बेडूक. त्याचे डोळे डोक्याच्या अगदी वर. जेमतेम अडीच सेंटीमीटरचा, टोकदार तोंडाचा, पाठीवर गडद नक्षी असलेला मायक्रोहायला आवाजानं मात्र चारपट मोठा वाटतो, आणि त्याची काचेसारखी पारदर्शक पिल्लं पाण्याच्या मधोमध जागच्या जागी तरंगत असतात. छत्री नसेल तर ती दिसतच नाहीत. गवतात उड्या मारणारे लहान तपकिरी बेडूक मिनर्वारिया गटातले. यांच्या जाती नुसत्या रूपावरून वेगळ्या करणं तज्ज्ञांनाही जड जातं. नवख्यानं 'मिनर्वारिया, जात माहीत नाही' लिहावं आणि त्यात कमीपणा मानू नये. बेडूकमाशाच्या फोटोवरून तर जात ठामपणे सांगूच नका.

आंबोलीत एक खास प्रकरण आहे: झँथोफ्राइन टायगरिना, जेमतेम चार सेंटीमीटरचा, बाजूंना पिवळसर पट्टे-डाग असलेला भेक. त्याचं शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झालं, आणि धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली आहे. तो पहिल्या पावसात कातळावरच्या अगदी उथळ पाण्यात अंडी घालतो, जे चार दिवसांच्या उन्हात आटू शकतं. कोयनेच्या भागात त्याचा भाऊबंद, झँथोफ्राइन कोयनायेन्सिस. हे दिसले तर फोटोचं लोकेशन बंद करा, समाजमाध्यमांवर जागेचं नाव देऊ नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, तरी फोटोत मागे दिसणारी पाटी किंवा पवनचक्की ती उघडी पाडते.

बेडकांइतकंच बाकीच्या मंडळींकडे लक्ष द्या. चतुराची पिल्लं, पाणविंचू, पाणभुंगे, खेकडे, काठावर दगडासारखा उभा वंचक, हे सगळे आटत्या पाण्याचे गिऱ्हाईक. नखाएवढी, पाठीवर उताणी पोहणारी परी-कोळंबी दिसली तर नक्की लिहा. तिची अंडी कोरड्या मातीत पुढच्या पावसापर्यंत तग धरतात.

वाचवायला जाऊ नका

दर ऑक्टोबरात कोणीतरी भला माणूस आटत्या डबक्यातले बेडूकमासे बादलीत भरून विहिरीत किंवा ओढ्यात सोडतो. पाहवत नाही हे खरं, पण हे करू नये. बारमाही पाण्यात मासे असतात आणि ही पिल्लं माशांपासून पळायला शिकलेली नसतात. दुसरं, रोग. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी उत्तर सह्याद्रीत आढळल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. बादलीभर पाणी इकडचं तिकडे नेणं म्हणजे तिला वाहन देणं. तिसरं, परतीची एक सर पुरते आणि तेच डबकं रात्रीत भरतं. आणि जी मरतात, त्यांच्यावर बगळे, खेकडे, त्यांचीच भावंडं पोसली जातात. उलट दिशेनंही तेच: डासांसाठी म्हणून सड्यावरच्या पाण्यात गप्पी मासे टाकू नका. ते अंडी आणि कोवळे बेडूकमासे खातात.

बुरशीमुळेच बुटांचा नियम. एका सड्यावरून दुसऱ्यावर त्याच दिवशी जायचं नाही. घरी येऊन बुटांचा चिखल ब्रशनं काढा, ६० अंशांच्या पुढच्या गरम पाण्यात तळवे पाच मिनिटं ठेवा, मग उन्हात पूर्ण कोरडे करा. पट्टी, टेप, थर्मामीटरही तसेच. हाताला डास पळवणारं मलम किंवा सनस्क्रीन लावलं असेल तर तो हात पाण्यात जाऊ देऊ नका. भेकाला हात लागलाच तर डोळे चोळू नका, आधी धुवा, आणि तेही डबक्यात नाही.

जिवाची काळजी

जांभ्याच्या सुट्या दगडांखाली फुरसं असतं. आकारानं लहान, पण विषारी. दगड उलटायचे नाहीत, हे तुमच्यासाठी आणि त्याखाली ओल धरून बसलेल्या बेडकांसाठीही. चावलंच तर दोरी आवळणं, चिरणं, चोखणं काही नाही. पाय स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. उघड्या सड्यावर आपण सर्वांत उंच वस्तू असतो, म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं काढलेलं दामिनी अॅप मोबाइलवर ठेवा आणि गडगडाट ऐकू आला की छत्री मिटून खाली उतरा. आंबोलीकडे संध्याकाळी गवे असतात. सड्याची जमीन बहुधा कोणाची तरी असते, गावात विचारून जा. वनक्षेत्र असेल तर वनखात्याची परवानगी घ्या, रात्रीसाठी तर घ्याच.

वहीतली नोंद

लांबलचक वर्णन नको. एक नोंद अशी दिसावी:

डबकं २. ९ ऑक्टो., सकाळी ८.४०. उघडं आभाळ, शेवटची सर ५ तारखेला. खोली ४.५, लांबी १३५, रुंदी ९०. काठ २७ अंश, तळ २५.५. हवा गिळणं मिनिटाला ११. चौकटीत १४, ९, २२. बहुतेक टप्पा ४, तीन टप्पा ५. काठावर पिल्लं २ (मिनर्वारिया?). पाणविंचू १. गुरांचे खूर पश्चिमेला.

खूर लिहायचे विसरू नका. म्हशी-गाई पाण्यात उतरल्या की काठ तुडवला जातो, शेण पडतं, पाणी हिरवं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तुमचे सगळे आकडे उलटेपालटे झालेले दिसतात. गाडीच्या चाकांचे माग असतील तर तेही लिहा.

पाणी संपल्यावर आणखी दोनदा जा. पहिल्या खेपेला भेगा, गवताची मुळं आणि ओल्या मातीच्या कडा फक्त डोळ्यांनी तपासा. काही पिल्लं तिथं दिवसा दबा धरून बसतात आणि रात्री सड्याबाहेर निघतात. दुसऱ्या खेपेला तळावर शेवाळाची कागदासारखी पापडी उरलेली असते, तिच्यावर पाय न देता फोटो काढा. मग त्या डबक्याच्या पानावर 'कोरडं' असं लिहून तारीख टाका आणि खाली चार ओळी मोकळ्या ठेवा. जूनमध्ये ते पहिल्यांदा भरेल त्याची तारीख त्याच पानावर यायची आहे.